पाटावरची ओळ

“नीट लावलायस न्हवं?” अण्णांनी विचारलं.

“लावलाय.”

“मग?”

“मग काय. ते म्हणतंय, काही लावलेलंच नाही.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. त्याच्या कोपऱ्यात मी कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसले होते आणि माझे वडील, अण्णा, माझ्या खांद्यावरून काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं, पण कॉम्प्युटरचं इंग्रजी हे त्यांच्या मते इंग्रजीच नव्हतं. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या खाचेत उभा खोचलेला होता. त्याच्यावरचा बारीक लाल दिवा काही केल्या लागत नव्हता.

ही गोष्ट बरीच जुनी. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. पॉलिटेक्निक करून शॉपमध्ये आले होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. ती खात्री अजूनही फारशी कमी झालेली नाही, हे जाता जाता सांगून टाकते.

पॅटर्न म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही रांगोळीचे ठिपके काढतो. फौंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. वाळूत तो आकार उमटवायला आधी हुबेहूब तसलाच लाकडी आकार लागतो. तो आम्ही सुतार करतो. माझ्या आजोबांनी जन्मभर पटाशीनं आणि रंध्यानं पॅटर्न कोरले. अण्णांनीही तेच केलं, पण पुढं हौसेनं एक जुनं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं आणि मशीननं लाकूड तसं कोरायचं. त्या मशीनपुढं बसणारं माणूस म्हणजे मी. दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

नवरात्राच्या पहिल्याच दिवशी वीज दोनदा गेली-आली आणि कॉम्प्युटर जो झोपला तो उठेना. पडदा निळा व्हायचा, काहीतरी बडबडायचा आणि पुन्हा गप्प. मशीन विकणाऱ्यानं तेव्हा जी सीडी दिली होती ती कधीच हरवलेली, आणि तो विकणाराही दुकान गुंडाळून गेलेला. नवा कॉम्प्युटर आणावा, तर मशीनची जाडजूड वायर ज्या जुन्या पद्धतीच्या सॉकेटात बसते ते नव्या कॉम्प्युटरला नसतंच. म्हणजे जगवायचा तर हाच म्हातारा जगवायला हवा होता.

मधूकाकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावानं, त्यावर सरळ उपाय काढला. गिऱ्हाईक, बँक, फोन हे सगळं काका बघायचे आणि मशीनला पहिल्यापासून पांढरा हत्ती म्हणायचे. इचलकरंजीच्या मगदुमांशी त्यांनी बोलून ठेवलं. मगदूम दसऱ्याच्या मुहूर्तावर येऊन मशीन घेऊन जाणार होते.

आणि आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असा दंडक. त्या दिवशी अष्टमी होती. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

मशीन गेलं असतं तर शॉपमध्ये मला काम उरलं नसतं. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण पुण्याच्या मामांनी माझ्यासाठी एक नोकरी बघून ठेवली होती. हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची. आई अधूनमधून त्या नोकरीचं नाव काढायची आणि मग माझ्या तोंडाकडे बघून विषय बदलायची. मला लाकडाच्या भुश्शाच्या वासात राहायचं होतं. दुसरीकडे कुठंही मी मी राहिले नसते.

म्हणून मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये जाऊन एक वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवर भरून आणली होती. लिनक्सची एक जात, जी जुन्या कॉम्प्युटरवर चालते आणि जिच्यात असलं मशीन हलवायचा प्रोग्राम आयता असतो.

“कितीला दिली?” काकांनी विचारलं होतं.

“फुकट आहे.”

“फुकट हाय म्हणजे काहीतरी खोट असणार.”

“अंबाबाईचं दर्शनपण फुकटच असतं की, काका.”

यावर अण्णा मिशीत हसले होते आणि काका चहा सांगायला बाहेर गेले होते.

पण आता सकाळ उलटून गेली तरी पेनड्राइव्हचा दिवा लागत नव्हता. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्याला चांगलं बजावलं होतं, की बाबा रे, उठलास की आधी पेनड्राइव्हकडे बघ. तो बघत नव्हता. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरला मी तोच पेनड्राइव्ह लावून आले. तिथं तो पहिल्या झटक्यात चालला. म्हणजे खोट आमच्याच घरात होती.

“मागनं लावून बघ की,” अण्णा म्हणाले.

“मागच्या दोन्ही जागा वळवात वीज पडली तेव्हा जळल्यात. तुम्हीच तेव्हा मेकॅनिकला म्हणालात, राहू देत, आपल्याला कशाला लागतात.”

“आणि सीडी?”

“सीडीचा ट्रे भुश्शानं बसलाय. उघडतच नाही.”

अण्णा खरं तर भुश्शावरचा उपाय करून चुकले होते. कॉम्प्युटर आणला त्याच वर्षी त्यांनी त्याच्याभोवती सागवानाची एक पेटी बांधली होती. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. वर फक्त एक चौकोनी खिडकी ठेवलेली, चालू करायचं बटण आणि त्याच्या शेजारच्या या दोन खाचा, एवढ्यापुरती. पेटी इतकी देखणी होती की येणारं गिऱ्हाईक कॉम्प्युटरपेक्षा पेटीचं कौतुक करायचं. त्या दोन खाचा मात्र कोणी कधी वापरल्या नव्हत्या. बाहेरचा पेनड्राइव्ह आत घालायचा नाही, त्यानं व्हायरस येतो, हा अण्णांचा कडक नियम होता. देवघरात चपला नेऊ नयेत तितकाच कडक. तो नियम त्यांनी माझ्यासाठी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला होता.

काका परत आले. “काय वैजू, उठला का कुंभकर्ण?”

“उठतोय.”

“मग मगदुमांना काय सांगू? टेम्पो घेऊन येतो म्हणतायत.”

“सांगा, मोकळं या.”

“दादा, पोरगीला समजावा जरा,” काका अण्णांकडे वळले. “मशीन मेलं म्हणून घरातलं माणूस गेल्यागत करून कसं चालंल? पंपवाल्यांचं काम दिवाळीच्या आत द्यायचंय. हातानं करून देऊ की आपण.”

“हातानं करायला आता कोण हाय, मधू?” अण्णा शांतपणे म्हणाले. “माझी नजर कमी झाली. उमेश बेंगळूरला.”

उमेश माझा थोरला भाऊ. त्याचं नाव निघालं की काका जरा नरमायचे. त्या वेळीही नरमले. पण फोन त्यांनी खिशात ठेवला नाही, हातातच धरून बसले.

दुपारी आई डबा घेऊन आली. नवरात्रात ती अनवाणी असायची आणि स्वतः उपासाचं खायची, पण आम्हाला भाकरी, पिठलं, ठेचा असं सगळं असायचं. आम्ही जेवत होतो तोवर ती उद्याच्या तयारीला लागली. भिंतीला लावलेला मोठा पाट तिनं पुसला आणि एकेक हत्यार स्वच्छ करून ठेवू लागली.

ती पाटावरची ओळ म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळच. पहिली आजोबांची रुंद पटाशी, मूठ तळहातानं घासून घासून गुळगुळीत झालेली. मग अण्णांचा रंधा. त्याच्या शेजारी उमेशची पटाशी. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा अण्णांनी आपल्या हातानं ती तिथं ठेवली होती. उमेशनं त्या पटाशीनं आयुष्यात पेन्सिलीला टोकसुद्धा काढलं नव्हतं, पण जागा झाली ती झाली. शेवटी काकांचा कॅल्क्युलेटर. पहिल्यांदा आपलं हत्यार आपण ठेवायचं नाही, घरच्या मोठ्यानं ठेवायचं, अशी रीत. शॉपमध्ये आले त्या वर्षी मी आईला विचारलं होतं, “माझं काय?” ती म्हणाली होती, “तुझं मशीन हाय की. त्याला वेगळं हळदी-कुंकू करतोच आपण.” मशीन सगळ्यांचं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. वाटायचं. चांगलंच वाटायचं.

“अगंबाई, हे मागल्या वर्षीचं कुंकू बघ,” आई कॉम्प्युटरच्या पेटीवर ओलं फडकं घासत म्हणाली. “बटणापाशी कसं घट्ट बसलंय. निघता निघंना.”

माझ्या तोंडात घास होता. तो तसाच राहिला.

“आई, तू दर वर्षी इथंच वाहतेस?”

“मग कुठं वाहू? हेच तोंड हाय न्हवं त्याचं? हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल.”

मी हात न धुताच उठले. मोबाइलचा टॉर्च लावला आणि पेटीच्या खिडकीतून त्या दोन खाचांत डोकावले. तळाशी पिवळं होतं. त्यावर लाल होतं. आणि त्यात रुतलेले, दाटीवाटीनं बसलेले तांदूळ होते. तेलात कालवलेल्या कुंकवानं सगळं सिमेंटसारखं धरलं होतं. पेनड्राइव्ह आत जाऊन टेकत होता तो कॉम्प्युटरला नाही, अक्षतांना.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“या, बघा.”

अण्णांनी पाहिलं. मग काकांनी पाहिलं. काकांचा चेहरा आधी गंभीर झाला आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. “दादा, देवानंच बूच मारलंय की ओ. आता माणसानं काय करायचं?”

आई मात्र हसली नाही. तिनं फडकं खाली ठेवलं. “माझ्यानं झालं व्हय गं हे?”

“तुझ्यानं कशानं?” मी म्हटलं. “इतकी वर्षं देवीनं व्हायरस अडवून धरले. अण्णांचा नियम पाळला तो देवीनंच.”

“चेष्टा करू नको. मशीन माझ्यापायी जायचं होतं म्हण की.”

“जायचं नाही आता कुठं. अण्णा, मला काडी पाहिजे. बारीक, चपटी आणि चिवट. सुई चालायची नाही, लोखंडानं आतल्या पितळी पट्ट्या खरवडतील.”

मी सगळ्या वायरी काढेपर्यंत अण्णांनी बांबूची एक कामटी उचलली, उजेडाला जाऊन बसले आणि पटाशीनं तासू लागले. नजर कमी झाली म्हणणारा हा माणूस कामटी बोटांनीच बघत होता. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातात जी काडी दिली ती कागदासारखी पातळ होती आणि टोकाला तिला किंचित आकडा होता. आकडा मी सांगितलाच नव्हता.

आम्ही तिघांनी पेटी उचलून कलती धरली. मी काडीनं कोरत गेले आणि आई खाली दोन्ही हातांची ओंजळ धरून उभी राहिली. तिला त्या अक्षता जमिनीवर पडू द्यायच्या नव्हत्या. एकेक दाणा सुटून तिच्या ओंजळीत पडत होता. कुठल्या कुठल्या वर्षांच्या अक्षता होत्या त्या. काही अजून तांबड्या होत्या, काही पार काळ्या पडल्या होत्या. दोन्ही खाचा रिकाम्या झाल्या तेव्हा आईची बोटं लालपिवळी झाली होती. तिनं सगळ्या अक्षता पदरात बांधल्या, संध्याकाळी तुळशीत घालायला.

“पण मग उद्या वाहू कुठं?” तिनं विचारलं. मी पेनड्राइव्ह खोचत होते.

तो या वेळी आत गेला. नुसता टेकला नाही, बसला. लाल दिवा लागला.

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू चुकून लागला.

पुढचं सगळं मला येत होतं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या, मग रंगीत चित्र आलं, मग प्रश्न येऊ लागले. भाषा कोणती, गाव कोणतं, घड्याळ कुठलं. मी भराभरा उत्तरं देत गेले. एका प्रश्नापाशी मात्र थांबले.

“आता काय म्हणतंय?” काकांनी विचारलं.

“म्हणतंय, डिस्कवर आधीचं जे काही आहे ते सगळं पुसलं जाईल. पुढं जायचं का?”

“म्हणजे इतक्या वर्षांची सगळी ड्रॉइंग जाणार? दादा, ह्ये काही बरं न्हाई. एकदा पुसल्यावर मगदूमसुद्धा घेणार न्हाईत. ड्रॉइंगसकट मशीन देतो म्हणून सांगितलंय मी त्यांना.”

काकांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मी एकटी असते तर बटण दाबून मोकळी झाले असते. पण ती ड्रॉइंग अण्णांच्या पॅटर्नची होती, आणि त्यातली बरीचशी त्यांनी माझ्या शेजारी बसून, माप सांगून सांगून काढून घेतली होती.

“अण्णा, तुम्ही सांगा. या डिस्कवरचं वाचता येईल का, ते मला सांगता येत नाही. कदाचित बिघडलंय सगळंच, कदाचित नाही. पण दोन्ही ठेवता यायचं नाही.”

अण्णांनी वर माळ्याकडे पाहिलं. तिथं त्यांनी आणि आजोबांनी केलेले पॅटर्न एकावर एक रचून ठेवले होते. पंपाचे, मोटारींचे, उसाच्या चरकाचे.

“लाकूड वर हाय,” ते म्हणाले. “परत माप घेऊ, परत काढू. घेशील न्हवं?”

“घेईन.”

“मग पूस.”

मी पुसलं.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत निघाली. अण्णा स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि दूध उतू जाईल म्हणून गॅससमोर उभं राहावं तसे तिच्याकडे बघत राहिले. आई जमिनीवर बसून हत्यारांना तेल लावत होती. काका दारात जायचे, फोनकडे बघायचे, परत यायचे. पट्टी मध्येच अडली तेव्हा ते काहीतरी बोलणार होते, पण अण्णांनी हात वर केला आणि पट्टी पुढं सरकली.

उन्हं कलली तेव्हा कॉम्प्युटर स्वतःच्या पायावर उभा राहिला, पेनड्राइव्ह काढून घेतल्यावर. मशीनची जाड वायर मी त्याला जोडली. मशीनचं टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा आटा किती, हे अण्णांनी न बघता सांगितलं. मी तो आकडा भरला आणि टेबल उजवीकडे न्यायचं बटण दाबलं.

टेबल डावीकडे गेलं.

“उलटं चाललंय,” काका म्हणाले.

“उलटं चाललंय म्हणजे चाललंय, काका.”

सेटिंगमध्ये एका आकड्यापुढं उणे चिन्ह टाकलं आणि टेबल सुतासारखं सरळ आलं. पंपवाल्यांचं ड्रॉइंग कागदावर छापलेलं होतं, ते मी नव्यानं काढलं. सगळं नाही, मधली गोल चकती तेवढी. अण्णांनी सागाचा एक तुकडा टेबलावर पक्का बांधला. मशीन सुरू झालं. त्याचा तो कर्कश आवाज मी नवरात्राच्या पहिल्या दिवसानंतर ऐकलाच नव्हता. शेजारच्या रिवाइंडिंगवाल्यांनी दारातून डोकावून पाहिलं. भुस्सा उडायला लागला आणि आईनं पदर नाकाला लावला, पण तिथून हलली नाही.

चकती तयार झाली तेव्हा ती उचलायला पहिले पुढं झाले ते काका. टेबलावरची पट्टी घेऊन त्यांनी ती आडवी मोजली, उभी मोजली.

“मोठी आलीये,” ते म्हणाले. “बघा, दादा. थोडी का असंना, मोठी आलीये. कागदावर काय लिहिलंय आणि ही काय आलीये.”

मी त्यांच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

अण्णांनीही तेच पाहिलं होतं. त्यांनी आपल्या खिशातून दुसरी पट्टी काढली आणि काकांच्या पुढं धरली. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा इंच साध्या इंचापेक्षा नखभर मोठा, आणि मी ड्रॉइंग त्याच मापानं काढलं होतं. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही, ते याच शॉपमध्ये वाढले होते. पण घाईत जी हाताला लागली ती पट्टी त्यांनी उचलली होती.

काकांनी पुन्हा मोजलं. या वेळी सावकाश. मग चकती अण्णांच्या हातात दिली.

“केसभरपण फरक न्हाई,” ते म्हणाले.

अण्णांनी चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा पूर्ण गोल फिरवला, मग उलटी करून पुन्हा. काकांच्या पट्टीपेक्षा मला त्या अंगठ्याची जास्त भीती होती.

“मधू,” अण्णा म्हणाले, “मगदुमांना फोन लाव.”

काकांनी लावला. पलीकडून आवाज आला तशी त्यांनी घसा साफ केला. “नमस्कार, मगदूमसाहेब. अहो, परवा येऊ नका. म्हणजे या, सोनं द्यायला या, चहा घ्यायला या. पण टेम्पो आणू नका. हां. पोरगीनं उठवलं की ओ मशीन.” मग थोडं थांबून, “आमची वैजू. दुसरी कोण?”

मी तोंड फिरवून कीबोर्डवरचा भुस्सा झटकत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते काकांना दिसायला नको होते. आयुष्यभर चेष्टेला विषय झाला असता.

दिवेलागणीला आम्ही शॉप बंद केलं. त्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, म्हणून आईला पुढं जायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी न्हाऊन-धुऊन आम्ही सगळे शॉपमध्ये आलो. आईनं दारात रांगोळी काढली होती. झेंडूचं तोरण लागलं होतं. पाटावर ओळ मांडलेली होती, आजोबांची पटाशी, अण्णांचा रंधा, उमेशची पटाशी, काकांचा कॅल्क्युलेटर. मी नेहमीप्रमाणे मशीनपाशी उभी राहिले. मशीनला हार घातला होता आणि मला तेवढं पुरे होतं. मशीन होतं, मी होते, आणखी काय पाहिजे, असं मी स्वतःला सांगत होते.

आईनं हळदी-कुंकवाचं तबक उचललं. अण्णा पाटासमोर बसले होते, पण ते पूजेला सुरुवात करेनात.

“वैजू,” ते म्हणाले. “कालचा तो तुझा दांडका कुठाय?”

“कुठला दांडका?”

“ज्यानं मशीन उठवलंस तो.”

पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढून दिला. अण्णांनी तो तळहातावर धरून उलटसुलट पाहिला, कालची चकती पाहिली होती तसाच. मग त्यांनी उमेशची पटाशी उचलली आणि जरा बाजूला सरकवली. त्यानं कॅल्क्युलेटरही सरकला. रंध्याच्या शेजारी जागा झाली. तिथं त्यांनी माझा पेनड्राइव्ह ठेवला. तिरका बसला होता तो बोटानं सरळ केला.

काका आपल्या सरकलेल्या कॅल्क्युलेटरकडे बघत होते आणि त्यांनी तो आणखी थोडा सरकवून घेतला, जागा नीट व्हावी म्हणून.

आईनं पटाशीला हळदी-कुंकू लावलं, रंध्याला लावलं. मग ती पेनड्राइव्हपाशी आली. तिनं हळदीचा एक ठिपका लावला, कुंकवाचा एक लावला, आणि अक्षतांची चिमूट उचलली.

“थांब,” अण्णा म्हणाले.

आईचा हात वरच राहिला. अण्णांनी माझ्याकडे हात पुढं केला.

“याचं टोपण दे.”

मी पर्सच्या तळाशी शोधून ते दिलं. त्यांनी ते पेनड्राइव्हच्या तोंडावर बसवलं, टक् असा आवाज येईपर्यंत दाबलं आणि तो परत त्याच जागी ठेवला.

“हां,” ते आईला म्हणाले. “आता वाहा.”